२४ एचपी मिनी ट्रॅक्टरला घरगुती बॅकहो बसवायचाय, आराखडा तपासून द्या

गडगा:
नमस्कार मंडळी. मिनी ट्रॅक्टर २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, वजन साधारण ७०० किलो, मागची लिफ्ट ७५० किलोची. त्याला मागे बॅकहो (गावात सगळे जेसीबीच म्हणतात) घरी बनवून लावायचा आहे. कामं म्हणजे कलमांचे खड्डे, पाइपलाइनचा चर आणि पाट उपसणं. पाणंद दीड मीटरची, दोन्ही अंगांना गडगे (दगडी कुंपणं). मोठं मशीन आत शिरत नाही.

कागदावर असं काढलंय:
बूम (ट्रॅक्टरकडचा पहिला हात) १.३ मीटर, १००×१००×६ चौकोनी पाइप. डिपर (बकेटकडचा दुसरा हात) १ मीटर, ८०×८०×६. बकेट ३०० मिमी रुंद, ६ एमएम प्लेट, तीन दात. बूम, डिपर, बकेट तिन्हीला ६३ बोअरचे (आतला व्यास मिमीत) हायड्रॉलिक जॅक, रॉड ३६. डिपरच्या जॅकचं कान (जॅक अडकवायची भोकाची पट्टी) पिनपासून २०० मिमीवर. स्विंगला (हात डावीउजवीकडे फिरवायला) ५० बोअरचे दोन जॅक. पिना २५ एमएम ब्राइट बारच्या. स्विंगचं भोक सरळ १५ एमएम प्लेटमध्ये. तेल ट्रॅक्टरच्या लिफ्टमधूनच घेणार. सगळं लोढणं थ्री-पॉइंटवर (लिफ्टचे खालचे दोन आर्म आणि वरची टॉप लिंक) टांगणार, म्हणजे काढघाल सोपी.

वजन ३५० किलोच्या आत बसेल, लिफ्ट ७५० ची आहे, म्हणजे दुप्पट मार्जिन. बरोबर ना?

लेथवाला:
गडगादादा, वजनाचा हिशोब बरोबर आहे, पण तो उचलायचा हिशोब झाला. खोदताना काय होतं ते बघा.

ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर ढकलते. खाली दाबून धरायची ताकद तिच्यात नसते, खालचे दोन आर्म वरच्या दिशेला मोकळे असतात. बकेट जमिनीवर टेकवून बूम खाली दाबलात की जमीन उलट दाबते आणि अख्खी फ्रेम वर उचलली जाते. आर्म तिच्याबरोबर वर येतात, टॉप लिंकवर दाब येतो, ती वाकते किंवा तिचं कान तुटतं. मग फ्रेम पुढे कलंडते. पुढे म्हणजे चालवणारा बसलेला असतो त्या बाजूला, मडगार्ड आणि कंट्रोल लिव्हरच्या मधल्या जागेत. तिथून माणसाला बाहेर पडायला वाट नसते.

दुसरं म्हणजे मिनी ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स ही बिडाची खोकी एकमेकांना बोल्टांनी जोडलेली असतात आणि तोच त्याचा कणा. सगळा हिसका मागच्या खोक्यावर दिलात तर क्लच हाउसिंगच्या जोडावर तडा जातो.

मालवणी_तिखट:
लेथवाल्याक माझो दुजोरो. थ्री-पॉइंटवर टांगू नको रे बाबा. वरची लिंक वाकता आणि सगळा लोढणा तुझ्या पाठीत येता.

गडगा:
पटलं. म्हणजे ट्रॅक्टरखाली वेगळी सांगाडा-चौकट, सबफ्रेम. पण नेटवर दिसतात ते बरेच बॅकहो थ्री-पॉइंटवरच असतात की?

लेथवाला:
असतात. त्यांतल्या शहाण्यांनी टॉप लिंकच्या जागी जाड, बंदिस्त ब्रेस दिलेली असते आणि फ्रेम वर उचलू नये म्हणून खालून एक्सलला साखळदंड किंवा पट्ट्या आवळलेल्या असतात. तेवढं केल्यावर सबफ्रेमचं निम्मं काम झालंच. मग उरलेलं निम्मं कशाला सोडायचं?

सबफ्रेम अशी करा. दोन्ही बाजूंनी १००×५० चं सी चॅनेल, मागच्या एक्सलच्या खालून निघून पुढे इंजिनच्या बाजूच्या लोडर बसवायच्या भोकांपर्यंत. ती भोकं बऱ्याच मॉडेलना कंपनीनेच आटे पाडून दिलेली असतात. मागे एक्सल हाउसिंगच्या बोल्टांवर १६ एमएमचा ब्रॅकेट. बोल्ट १०.९ ग्रेडचेच, गावातल्या हार्डवेअरमधले चकचकीत ४.६ चे नकोत. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो वाचून घ्या. टॉर्क ट्रॅक्टरच्या मॅन्युअलप्रमाणे, बिडातल्या आट्यांना पान्याला पाइप लावून आवळू नका.

ट्रॅक्टरच्या बिडाला कुठेही वेल्डिंग करायचं नाही. ब्रॅकेट जागेवर टाकायचा झालाच तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचा प्लग काढून, अर्थिंगचा चिमटा ब्रॅकेटलाच लावा. चिमटा इंजिनाला लावलात तर करंट बेअरिंगमधून फिरतो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पडतात. आवाज पुढच्या हंगामात येतो.

काढघाल सोपी हवी तर सबफ्रेमच्या मागच्या टोकाला खाली दोन हुक आणि वर दोन पिना. स्टॅबिलायझरच्या पायांवर (खोदताना दोन्ही बाजूंना टेकवायचे जॅकचे पाय) मशीन उभं करायचं, हुकात बसवायचं, पिना घालायच्या. चॅनेल टाकताना पुढच्या चाकांकडे जाणारा फोर व्हीलचा शाफ्ट आणि तेल काढायचा नट झाकला जाणार नाही एवढं मात्र बघा. नाहीतर दर सर्व्हिसला सबफ्रेम उतरवावी लागेल.

तेलकट:
हात आणि जोड लेथवाले बघतील, मी तेलाचं सांगतो.

लिफ्टचं तेल घेऊ नका, पंप वेगळा घ्या. कारणं तीन.

मिनी ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचं आणि गिअरबॉक्सचं तेल बहुधा एकच. घरगुती जॅक कितीही धुतले तरी त्यात ग्राइंडिंगची पूड, टेफलॉन टेपचे तुकडे, होजमधला रबराचा भुगा राहतोच. तो सगळा गिअर आणि बेअरिंगमध्ये जातो.

तुमचे सात जॅक (पायांचे दोन धरून) आणि होज पहिल्यांदा भरायला सहा-सात लिटर तेल लागेल. तेवढी पातळी गिअरबॉक्समधून एकदम खाली गेली आणि ट्रॅक्टर उतारावर नाक वर करून उभा असला तर पंपाला हवा लागते. पंप कण्हायला लागतो, तेलात फेस येतो.

आणि लिफ्टच्या पंपाचा प्रवाह मॉडेलप्रमाणे बदलतो. मॅन्युअलमधला आकडा बघाच, बहुतेकदा हात रांगत चालतो.

आता पीटीओवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरचा) पंप. पीटीओ ५४० आरपीएम. त्याला साधारण १:२.८ चा वाढीव गिअरबॉक्स लावला की पंपाला १५०० मिळतात. १४ सीसीचा (फेऱ्याला १४ सीसी तेल देणारा) गिअर पंप घेतला तर १४ × १५०० = २१ लिटर, गळती वजा जाता मिनिटाला १९ लिटर. १५० बार दाबाला याला लागणारी ताकद साधारण ८ एचपी. तुमचं इंजिन हसत देईल. गिअरबॉक्स नको असेल तर थेट ५४० वर चालणारा ३८-३९ सीसीचा पंप घ्या, प्रवाह तोच पडतो, पण पंप जड आणि महाग. पंप-गिअरबॉक्स पीटीओच्या दांड्यावर लटकतो, तो गोल फिरू नये म्हणून टॉर्क आर्म सबफ्रेमला बांधायला विसरू नका. फिरायला लागला की पहिल्याच झटक्यात होज गुंडाळून तोडतो.

१९ लिटरला ६३ बोअर, ५०० स्ट्रोकचा (रॉड ५०० मिमी बाहेर येणारा) जॅक पाच सेकंदात पूर्ण उघडतो. शिकाऊ हाताला हा वेग बरोबर. याहून जलद केलात तर बकेट जागेवर थांबवताच येत नाही.

टाकी ४० लिटरची. आतून रंग देऊ नका, रंग सुटतो आणि स्ट्रेनर चोंदतो. आत मध्ये एक आडभिंत, एका बाजूला रिटर्न, दुसऱ्या बाजूला सक्शन, म्हणजे तेलातली हवा सुटायला वेळ मिळतो. तळाला पाणी काढायची चावी. सक्शन एक इंची आणि आखूड, पंप टाकीच्या पातळीखाली. रिटर्नवर २५ मायक्रॉनचा फिल्टर. तेल ६८ नंबरचं हायड्रॉलिक. आपल्या एप्रिल-मेमध्ये ४६ नंबर दुपारपर्यंत फारच पातळ होतं.

होज: पंपापासून व्हॉल्वपर्यंत अर्धा इंची डबल वायर म्हणजे आर-२, जॅकना ३/८ आर-२. सिंगल वायर आर-१ अर्धा इंचीचं कामाचं प्रेशर १६० बारच असतं, १५० वर चालवायचं तर ते अगदी काठावर येतं. फिटिंग सगळी बीएसपीत (एकाच प्रकारच्या आट्यांत) ठेवा. कुठे एनपीटी, कुठे बीएसपी अशी भेसळ झाली की आटा तीन-चार फेरे बसतो, मग अडतो, आणि आपण तो जोर लावून बसवतो. तिथून कायम ठिबकतं.

व्हॉल्व सहा लिव्हरचा: बूम, डिपर, बकेट, स्विंग आणि दोन पाय. मेन रिलीफ (दाब त्याच्या वर जाऊ न देणारा व्हॉल्व) १५० बार.

चिवार:
तेलकट, थोडी असहमती. चर आणि लहानसहान कामाला लिफ्टच्या तेलावर चालतं की. वेगळा पंप, गिअरबॉक्स, टाकी, तेल यात अर्धा खर्च जातो.

तेलकट:
चिवार, ट्रॅक्टरला कंपनीने दिलेला ऑक्झिलरी पोर्ट असेल, रिटर्नवर बाहेर फिल्टर बसवला आणि पातळी सगळे जॅक भरल्यावर पुन्हा पूर्ण केली तर चालेल. पण तुमच्या हिशोबात गिअरबॉक्स उघडायचा खर्च धरलेला नाही. पंप मोडला तर पंप बदलू, गिअरबॉक्समध्ये कचरा गेला तर ट्रॅक्टर बंद. पेरणीच्या तोंडावर.

लेथवाला:
आता लोखंड. इथे थोडा हिशोब मांडतो, कारण आराखड्यातली एक गोष्ट नक्की वाकणार आहे.

६३ बोअरच्या जॅकचं क्षेत्र ३१.२ चौ. सेंमी. १५० बारला जोर जवळपास ४.७ टन. डिपरचं कान २०० मिमीवर आणि पिनपासून दातापर्यंत अंतर १.५ मीटर (डिपर एक मीटर, बकेट अर्धा). म्हणजे दातावर जोर ४६८० × ०.२ ÷ १.५, सुमारे ६२५ किलो. ठीक आहे. पण हाच जोर डिपरच्या पिनपाशी ९३६ किलो-मीटरचा पीळ देतो.

१००×१००×६ पाइपला त्याने १३८ एमपीए (ताणाचं एकक) ताण येतो. साध्या ई२५० लोखंडाची सोसायची मर्यादा २५०, म्हणजे मार्जिन आहे. तुमच्या ८०×८०×६ ला तोच ताण २२५ एमपीए. आणि हा झाला अखंड पाइपचा हिशोब. त्यात पिनचं भोक पाडलं, कानाच्या वेल्डला थोडा अंडरकट (काठाला खाच) आला की संपलं. डिपरही १००×१००×६ चाच घ्या. मीटरला १७.७ किलो पडतो, चारेक किलो वाढतील, वाढू देत. ८० चा पाइप आणून ठेवलाच असेल तर वरखाली ८ एमएमच्या पट्ट्या, टोकं माशाच्या शेपटीसारखी कापून. चौकोनी कापलेल्या पट्टीच्या टोकापाशीच तडा सुरू होतो.

आणखी एक. बूमचा जॅक बहुतेक बॅकहोत आखडताना बूम उचलतो. आखडताना रॉडचं क्षेत्र वजा होतं. ६३/३६ ला उरतं २१ चौ. सेंमी, म्हणजे ४.७ नाही, ३.१५ टन. लांब हातावर भरलेली ओली बकेट उचलत नाही म्हणून लोक रिलीफ आवळत बसतात, त्याचं मूळ इथे असतं. बूमचं कान पिनपासून थोडं लांब घ्या, किंवा बूमपुरता ८० बोअर.

आता स्विंग. घरगुती बॅकहो मोडतो तो इथे. वरची आणि खालची पिन यांच्यातलं अंतर किती ठेवलंय ते आराखड्यात नाही. किमान ३०० मिमी ठेवा. वरच्याच ९३६ च्या पिळाने ३०० वर प्रत्येक पिनवर ३.१ टन येतात, २०० ठेवलं तर ४.७ टन. आणि १५ एमएमच्या उघड्या प्लेटमध्ये पिन फिरवू नका. पिन २५ ऐवजी ४० ची घेतली तरी ४० × १५ ची जाडी म्हणजे टेकायला फक्त ६ चौ. सेंमी, प्रत्येक चौ. सेंमीवर पाचशे किलो. ते भोक दोन आठवड्यांत लिंबाच्या आकाराचं होतं. मग बकेट थांबवली तरी हात चार बोटं डावीउजवीकडे झुलत राहतो आणि प्रत्येक झोक्याला वेल्डला हिसका बसतो. ४० मिमी लांबीचे बुश (पिन आत बसते ती नळी) बसवा, १६ चौ. सेंमी मिळतात आणि दाब दोनशेच्या आत येतो.

पिना स्विंगला ४०, बाकी सगळीकडे ३०, ईएन-८ च्या. ब्राइट बार नको, तो दिसायला छान, पण मऊ. बुशात ०.२ मिमी मोकळीक, पिनच्या मधून ग्रीसचं भोक. पिनला एका टोकाला कान वेल्ड करून बोल्टाने अडकवा, म्हणजे पिन स्थिर राहते आणि झीज बुशात होते. बुश स्वस्त असतो.

कानं वेल्ड करताना दोन्ही बुशांतून एकच लांब शाफ्ट घालून टॅक करा, शाफ्ट आत ठेवूनच बाजू बदलत बदलत वेल्ड भरा. सुटी सुटी वेल्ड करून मग पिन घालायला गेलात तर पिन जाणार नाही. मग घण येईल, आणि घणाने घातलेली पिन कधीच निघत नाही.

वेल्डिंग रॉड ७०१८, आणि कोरडे. आपल्या हवेत उघडं पाकीट आठवडाभर राहिलं की रॉड ओलावा पितो. लावताना चुरचुरतो, वेल्डला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि जाड प्लेटमध्ये थंड झाल्यावर आतून केसासारखी चीर जाते जी बाहेरून दिसत नाही. ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून गरम गरम वापरायचे. भाजायची सोय नसेल तर लहान सीलबंद पाकिटं घ्या आणि त्याच दिवशी संपवा. जून ते सप्टेंबर स्विंगचं वेल्डिंग काढूच नका.

गडगा:
स्विंगला किती फिरवता येईल? मला १८० अंश हवे होते.

लेथवाला:
थेट जॅकने १८० होत नाहीत. मध्यापासून दोन्हीकडे ६० धरा, एकूण १२०. कान १२० मिमीवर ठेवलं तर स्ट्रोक २१० लागतो. मध्यावर दोन जॅक मिळून भरपूर जोर असतो, पण टोकाला कान तिरकं झाल्याने तो निम्मा होतो. म्हणून उतारावर उभं राहून वरच्या अंगाला माती टाकायला गेलात तर हात शेवटच्या २० अंशांत रेंगाळतो. मशीन बिघडलेलं नसतं, ते तसंच असतं. माती खालच्या अंगाला टाका.

तेलकट:
स्विंगच्या दोन्ही पोर्टात रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारं बारीक भोक) हवाच. १९ लिटरला २१० चा स्ट्रोक दोन सेकंदांत संपतो, म्हणजे अडीच मीटर लांबीचा हात दोन सेकंदांत १२० अंश. टोकाला तो थांबतो तेव्हा सगळी ऊर्जा स्विंगच्या पिनेत जाते. चार-पाच सेकंद लागतील इतपत भोक बारीक करा. दीड मिमीपासून सुरू करून बघा. आणि व्हॉल्वच्या स्विंग, बूम, डिपर सेक्शनला पोर्ट रिलीफ १८० बारचे घ्या. लिव्हर मध्यावर असताना बाहेरून धक्का बसला तर तेलाला जायला वाट हवी, नाहीतर होज किंवा कान जातं.

बकेट बाजूने घासून ढीग सारायची सवय असेल तर ती ट्रॅक्टरच्या मागच्या ब्लेडसाठी ठेवा. स्विंगने माती ढकलायची नाही.

पायांच्या जॅकना पायलट चेक व्हॉल्व, दुकानात लॉक व्हॉल्व म्हणा. व्हॉल्वच्या स्पूलमधून तेल थोडं झिरपतंच, त्यामुळे पाय हळूहळू आखडतो. उतारावर एका बाजूचा पाय चार इंच आखडला तर खड्ड्याच्या काठावर ट्रॅक्टर कलंडायला तेवढं पुरे.

चिवार:
समतोलाचा आकडा कोणी दिला नाही. बॅकहो ३५० किलो, त्याचं वजन मागच्या एक्सलच्या साधारण ९०० मिमी मागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर धरा. पुढच्या चाकांवरून ३५० × ०.९ ÷ १.५ = २१० किलो उचललं जातं. ७०० किलोच्या ट्रॅक्टरला पुढे ३०० असतात, उरले ९०. एवढ्यावर स्टिअरिंग नुसतं फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही, आणि चढावर पुढची चाकं हवेत जातात. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढे हवा. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे ११० किलोचं वजन लावलंत की बरोबर जमतं. चिरा ठेवून भागवू नका, घसरतो. कंपनीची वजनं, नाहीतर जाड पत्र्याची पेटी करून आत काँक्रीट.

मागच्या एक्सलवर आता नऊशेच्या वर येतात, आधी चारशे होते. मागच्या टायरवर छापलेली भारक्षमता आणि हवा बघून घ्या. फिरताना हात घडी करून, मधोमध, स्विंगला लॉक पिन. ती पिन नसली तर पाणंदीच्या वळणावर बकेट गडग्यात.

सुरंगी:
मातीबद्दल बोलते, कारण यंत्र जमलं तरी चुकीच्या महिन्यात निघालात तर दात झिजतील फक्त.

हापूस १०×१० मीटरवर, खड्डा एक मीटर घन. नारळ साडेसात मीटरवर, खड्डा मीटरचाच. काजूला ६० सेंमी पुरतो. लागवड जूनची, म्हणून खड्डे एप्रिल-मेमध्ये काढायची पद्धत आहे. मजूर असताना ते ठीक होतं, कुदळ-पहार कोरड्या जांभ्यालाही पुरून उरते. या छोट्या बॅकहोला मे महिन्याची वाळलेली जमीन जड जाते. त्यापेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात काढा. पावसाची ओल खाली असते, वरून ट्रॅक्टर रुतत नाही, आणि खड्डे पुढे उन्हाळाभर तापतात ते चांगलंच. जूनच्या पहिल्या सरींनंतर माती मऊ होते खरी, पण पायाखालची जमीनही होते.

वरची लाल माती आणि खालची वेगळ्या बाजूंना टाका. खड्डा भरताना वरची माती खाली शेणखताबरोबर जायला हवी. माणूस हाताने हे आपसूक करतो, मशीनवर बसलेला सगळं एका ढिगात टाकतो.

आणि कातळ सोडून द्या. सड्यावरचा (उघड्या कातळी माळावरचा) जांभा हवा लागून कडक झालेला असतो, चिरेखाणीत खालचा चिरा मऊ लागतो तसा तो नाही. पहार ठणकन वाजली आणि नुसता पांढरा ओरखडा उठला तर तिथे तुमची बकेट चालणार नाही.

लेथवाला:
सुरंगीताईंच्या मुद्द्याला जोड. बकेटच्या जागी घालायला एक रिपर करून ठेवा, २५ एमएम प्लेटचा एकच दात, त्याच पिनांवर. बकेटच्या जॅकचा दातावरचा जोर लिंकेज धरून साधारण १.७ टन येतो. बकेटला तीन दात, प्रत्येकाला साडेपाचशे. रिपरला सगळा एकाच ठिकाणी. अर्धवट कडक थर त्याने फोडून मग बकेटने उपसायचा. दात जेसीबीचे जुने, वेल्ड करून बसणारे घ्या, भंगारात मिळतात. ते कठीण मिश्र पोलादाचे असतात, प्लेट आणि दात दोन्ही चांगले तापवून ७०१८ नेच जोडा. घाई केली की दात पहिल्याच दगडाला चिमणीसारखा उडतो.

बकेट ३०० च ठेवा. ४५० केली की खड्डा दिसायला लवकर होईल असं वाटतं, प्रत्यक्षात ती मातीत शिरतच नाही.

गडगा:
एका खड्ड्याला वेळ किती धरू?

चिवार:
बकेट ३० लिटरची, सरासरी २४ भरते. एक घनमीटर माती उकरल्यावर सव्वा होते. म्हणजे बावन्न फेऱ्या. फेरीला ४० सेकंद धरले तर ३५ मिनिटं, मऊ जमिनीत. मोठं मशीन हेच काही मिनिटांत करतं. म्हणून जिथे ते पोचतं तिथे तेच भाड्याने घ्या. तुमच्या पाणंदीपलीकडल्या वाडीसाठी हा हिशोब परवडतो, सड्याकडेच्या मोकळ्या प्लॉटसाठी नाही.

खलाशी:
किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत असाल तर जॅकचे रॉड पहिल्या पावसाळ्यात जातील. रॉडवरचं क्रोम अगदी पातळ असतं, खारी हवा त्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरते. आधी तांबूस ठिपका दिसतो, मग नखाला लागेल असा खड्डा. तो खड्डा दर फेरीला सील कापतो. ठेवताना सगळे जॅक आखडतील अशी घडी करून ठेवा. जो रॉड बाहेर राहतोच त्याला जाड ग्रीस. वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. कपड्याची पट्टी बांधा आणि महिन्याने एकदा मशीन चालू करून सगळे लिव्हर दोन-दोनदा फिरवा. वापरायच्या आधी जुनं ग्रीस पुसून काढा, त्यात वाळू चिकटलेली असते.

टाकीच्या ब्रीदरमधून पावसाळी हवा आत जाते, पाणी तळाला बसतं. ऑक्टोबरात तळाची चावी सोडून कपभर काढून बघा. जास्त दुधाच्या चहासारखं निघालं तर सगळं तेल बदला, वरवर निथळून भागत नाही.

तेलकट:
पहिल्यांदा सुरू करायची पद्धत लिहून ठेवतो, इथेच पंप जळतात.

पंपाच्या तोंडात तेल ओतून मगच सक्शन जोडा. सक्शनला चावी बसवली असेल तर ती उघडी आहे का ते दोनदा बघा. मेन रिलीफचा स्क्रू पूर्ण सैल. इंजिन आयडलवर, पीटीओ जोडा, दोन मिनिटं काहीही न करता फिरू द्या. मग एकेक जॅक रिकामा आठ-दहा वेळा पूर्ण उघडबंद, हवा निघेपर्यंत. हवा असताना हात झटके देतो, बकेटखाली कोणी नको. नंतर २५० बारचं ग्लिसरीन गेज लावून, एक जॅक टोकाला धरून, रिलीफ पाव-पाव फेरा आवळत १५० वर आणा. दहा सेकंदांपेक्षा जास्त एका वेळी धरू नका, तेल तापतं.

तेलाची पातळी सगळे जॅक आखडलेले असताना बघायची. उघडलेले असताना काठोकाठ भरलीत तर आखडताना दोनेक लिटर ब्रीदरमधून बाहेर येतं.

गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. १५० बारचा बारीक फवारा कातडीतून आत जातो, वर टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आत तेल पसरत जातं. असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटल, आणि तेलाचा फवारा आत गेलाय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

चिवार:
कागदपत्रांचं एक: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. म्हणून सगळं बोल्टावर सुटं होणारं ठेवा, आणि रस्त्यावर नेताना उतरवून न्या. विमा कंपनीला आधीच लेखी कळवा. वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबणं बरं.

गडगा:
सगळ्यांचे आभार. आराखडा बदलला तो असा: सबफ्रेम पुढच्या भोकांपर्यंत, हुक आणि पिना. डिपर १००×१००×६. बूमला ८० बोअर. पिना ३० आणि ४०, ईएन-८, सगळीकडे बुश. स्विंग पिनांत ३२० मिमी. पीटीओ पंप १४ सीसी, टाकी ४० लिटर, पायांना लॉक व्हॉल्व. पुढे ११० किलो. जॅक कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून आणतो, प्लेट कटिंग कुडाळ एमआयडीसीत. स्टॅबिलायझरचे पाय एकमेकांपासून १.२ मीटर, म्हणजे ट्रॅक्टरच्या रुंदीएवढेच, पाणंदीत अडायला नकोत.

लेथवाला:
बाकी ठीक. पाय १.२ वर नका ठेवू. घडी केल्यावर १.२ आणि उघडल्यावर किमान १.८ मीटर हवेत, म्हणजे बिजागरीवर बाहेर पडणारे करा. चाकांच्या रुंदीएवढेच पाय असतील तर हात बाजूला फिरवून भरली बकेट उचलताना त्या बाजूचा पाय रुतेल आणि पलीकडचं चाक सुटेल. पायाला तळव्याची पाटी २५०×२५० ची, खाली वळवलेल्या दोन पट्ट्यांसह, चिकणमातीत घसरू नये म्हणून. आणि बूमला ८० बोअर घेताय तर बूमच्या कानाचा आणि पिनांचा हिशोब पुन्हा मांडा, जोर दीडपटीच्या वर गेलाय. ते आकडे टाका इथे, मग प्लेट कापायला द्या.